डावं वळण

फुटाळ्याच्या कडेला, पायरीच्या शेवाळात
बोट फिरवलं की सापडते:
हरभऱ्याच्या डाळीएवढी, पिवळट, आरपार दिसणारी.
टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे.
तोंड उजव्या हाताला उघडलं, तर तळ्यातली जुनी कोणी.
डाव्या हाताला उघडलं, तर ही.
चौतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये
मी बाटल्या धुतल्या, चिठ्ठ्या डकवल्या.
फॉर्मॅलिननं नाक गेलं,
बोटांना मात्र अजून डावं-उजवं कळतं.

वैरागडे मॅडमच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता,
त्यावर लाल टाचण्या.
मी स्टुलावर चढायचो, त्या खालून गावं सांगायच्या.
ही पहिल्यांदा फ्रान्सच्या एका नदीत कोणाला दिसली,
म्हणून कितीतरी वर्षं सगळे तिला तिकडचीच समजले.
नंतर कळलं, तिथंही ती पाहुणीच;
अमेरिकेकडून, कापसाच्या बोटीतून आली असावी म्हणतात.
कापसाचं नाव निघालं तेव्हा मी खाली पाहिलं.
आमचा आजाही कापसामागंच आला होता,
सौंसरहून, मिलच्या भोंग्याला.
मॅडम म्हणाल्या, "टाचणी नीट दाब, नागपूर निसटतंय."

एकच पाय, तोही पोटालाच.
दिवसभरात फार तर घाटाची एक पायरी.
मग एवढं जग?

सुगंधा मारबतेला विचारलं.
ती भंडाऱ्याकडून शिंगाड्याचे वेल आणते,
ओल्या पोत्यांत, टेम्पोभर.
"वेलासंगं चार-दोन येतेच ना, भाऊ,
त्यायचं का मी तिकीट काढू?"
सदरच्या मासेवाल्या जोसेफला विचारलं.
त्यानं कोलकात्याहून आलेली पिशवी उजेडात धरली:
एक पान, पानाखाली लाळेचा थेंब,
थेंबात तीस-चाळीस ठिपके, हलणारे.
"हे फुकट येतं," तो म्हणाला. "मासे मरतात, हे मरत नाही."

मग कोणाची तरी बदली होते,
सामान ट्रकमध्ये चढतं,
काचेची पेटी शेवटी उरते, आणि संध्याकाळी
कोणी बाप पोराला घेऊन तळ्यावर जातो,
ओततो,
आणि पुण्य केल्यासारखे हात झटकतो.

एक पुरते. हीच नर, हीच मादी,
वेळ आलीच तर स्वतःशीच लग्न लावून मोकळी.

रिटायर झाल्यावर गिट्टीखदानात घर बांधलं.
सेप्टिक टँकचा खड्डा खणताना काळा दगड संपला,
पांढरट लागला, हाताला खडूसारखा,
त्याखाली पुन्हा काळा.
उईके मिस्त्रीनं एक ढेकूळ वर फेकलं:
"काका, तुमची गोगलगाय इथं बी!"
खरंच. दगडाची. सुपारीएवढी.
ज्वालामुखीच्या दोन लोंढ्यांमध्ये
जमिनीला थोडी उसंत मिळाली होती म्हणे,
तळं साचलं होतं;
त्या तळ्यातली.
टोक वर धरलं. तोंड माझ्याकडे.
डावं.

मॅडमना फोन लावला.
"लगेच नातं जोडू नकोस, बावणे," त्या म्हणाल्या,
"डावं वळण पुष्कळांना असतं."
मग बराच वेळ फोनवर
फक्त त्यांचा पंखा ऐकू येत होता.

जुन्या चिठ्ठ्यांतली एक काढली, पेन्सिल जिभेला लावली.
स्थळ: गिट्टीखदान, नागपूर.
गोळा करणारा: ह. बावणे.
मूळ कुठलं, या ओळीपाशी चहा आला.
बरणीतली एक जिवंत
मी मघाशी त्या दगडावर ठेवली होती.
दगडातलीला वळसा घालून
ती पलीकडच्या अंगाला उतरली,
मागे ओली रेघ.
मे महिना होता. कप ठेवेस्तोवर
रेघ वाळली.